रिळातली रिकामी जागा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. नंतर हसू यायचं नाही. हे घडलं माझ्या मावसभावाच्या बाबतीत. रेडिओ-टेप दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून सगळे त्याला मेस्त्रीच म्हणत. जुन्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरचं तर त्याला वेडच. ती दोन मोठी चाकं संथ फिरायला लागली, की गडी तहानभूक विसरायचा.

गेल्या नोव्हेंबरात एक नर्सबाई असंच मशीन घेऊन आल्या. त्यांचे वडील गिरणीत रात्रपाळीला असत. लेक घरी एकटी झोपायची, म्हणून तिच्यासाठी गोष्टी भरून ठेवत. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती, आवाज उरला तो या एका रिळात. बाई एवढंच म्हणाल्या, "जपून करा. दुसरं काही नाही माझ्याकडे."

बारा तारीख, गुरुवार, रात्री साडेदहा. मेस्त्रीने दुकानात मशीनला नवा पट्टा बसवून रीळ लावलं. आवाज असा ऊबदार, की माणूस शेजारीच बसलाय म्हणावं. कोल्ह्याची गोष्ट होती. मधेच थांबून वडील विचारत, "झोपलीस का गं?" लेकीच्या उत्तरापुरती जागा सोडत. मग पुन्हा गोष्ट.

मेस्त्री रंगून गेला. तिसऱ्यांदा प्रश्न आला, तेव्हा गमतीने बोलून गेला, "नाही."

गोष्ट पुढे गेली नाही.

चाकं फिरत होती. नुसती खरखर...

मग हळूच,

"कोण आहे?"

मेस्त्रीने बटण दाबलं. चाकं थांबेनात. वायर उपटली. तरी फिरतच...

"माझी मुलगी कुठाय?"

खुर्ची उलटली. मेस्त्री पळाला. अनवाणी. थेट घरी.

सकाळी बाईंना सोबत घेऊनच त्याने दुकानात पाऊल टाकलं. मशीन गप्प होतं. बाईंनी वायर जोडली, रीळ पहिल्यापासून लावलं. कोल्हा आला. प्रश्न आला. तिसऱ्या वेळी, मेस्त्रीचाच आवाज. "नाही."

बाई चपापल्या. मशीनचा माईक वडील गेले त्याच वर्षी मोडला होता.

पुढे खुर्ची पडली. अनवाणी पावलं धावत गेली.

त्यांच्या मागोमाग... दुसरी पावलं. बुटांची. सावकाश.

बाईंनी ती ओळखली.

रीळ संपलं. फितीचं टोक सुटून फडफडायला लागलं.

पावलं चालतच होती.