गच्चीवरच्या दोन खोल्या

“बू फलाह, लगेच या. थुनयान गेला.”

फोनवर मर्झूक होता, थुनयानचा भागीदार. पोलीस कप्तान मिशारीने समोरचा मासळी-भात तसाच झाकून ठेवला. कुठे निघालात, असं विचारणारं घरात कुणी नव्हतं. बायको जाऊन वर्षं झाली होती, आणि ज्याच्या नावाने लोक त्याला ‘बू फलाह’, म्हणजे फलाहचा बाप, म्हणत तो मुलगा परदेशात रमला होता.

समुद्रकाठी थुनयान आणि मर्झूक बांधत असलेला मनोरा अर्धवट उभा होता. गाडीतून उतरताच मिशारीच्या चष्म्यावर वाफ धरली. कालपासून दमट वारा सुटला होता. चष्मा बाहीला पुसत तो लिफ्टमध्ये शिरला.

गच्चीवर शेजारीशेजारी दोन खोल्या होत्या. एक जाड भिंतींची, खोल कोनाड्यात बसवलेल्या लहान खिडक्यांची. दुसरी चारी बाजूंनी काचेची. वाळवंटातलं ऊन कोणती खोली सोसते हे पाहायला मिशारीच्या जुन्या ओळखीच्या म्हाताऱ्या इंजिनियर थुनयानने त्या बांधून घेतल्या होत्या.

तो काचेच्या खोलीत होता. खाटेवर, कुशीवर निजलेला. अंगावर ओरखडासुद्धा नाही. खोली मात्र भट्टीसारखी तापलेली.

परवाच्या वादळाची धूळ सगळीकडे बसली होती. पाइपांवर, पत्र्यांवर, राखणदार हाजी इद्रीसच्या खुर्चीवरही. मिशारी खोलीमागे गेला. तिथलं एक लाल चाक तेवढं स्वच्छ होतं.

“हाजी, हे कशाचं?”

“थंड पाण्याचं, साहेब. काचेच्या खोलीत गार वारा येतो तो ह्या पाण्याच्या जोरावर. चाक बंद केलं तर नुसता पंखा घरघरतो. आमच्या सुदानमधल्या पुढाऱ्यासारखा, आवाज फार आणि गारवा नाही.”

“खालून यंत्र चालू-बंद करतात त्या खोलीत कळतं ते?”

“खाली फक्त पंख्याचा दिवा दिसतो.”

जाड भिंतीच्या सावलीत एक मुलगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. बद्रिया. थुनयानच्या हाताखाली शिकून इंजिनियर झालेली.

“मीच मारलं त्यांना, काका.”

“कसं?”

“रात्रभर ते दोन्ही खोल्यांचं तापमान बघतात. इथेच निजतात आणि पहाटे फज्रची नमाज पढून घरी जातात. मग सकाळी ऊन चढलं की मी खालून गार हवा बंद करते, कोणती खोली किती लवकर तापते ते बघायला. आज ते गेलेच नव्हते. आणि मी बटण दाबलं.”

“आधी फोन केला होतास?”

“केला. उचलला नाही. वाटलं, घरी निजले असतील.”

“इथे कशाला निजायचे?”

“घर खायला उठतं म्हणायचे.”

तसलं घर मिशारीच्या ओळखीचं होतं.

मर्झूक कठड्याशी उभा होता. गळ्याशी घामाने काळवंडलेला झगा, डोळे लाल.

“शेवटचं कधी भेटलास?”

“रात्री. वेलचीचा चहा आणला होता मी. दोघं प्यायलो. मग फज्रनंतर पुन्हा डोकावलो. हाजीने पाहिलंय मला. लिफ्टपर्यंत चालत गेलो तेवढ्यात कपडे पिळून निघाले, असली हवा!”

“आत गेलास?”

“नाही. कामात होते ते. मी बाहेरून हात केला, त्यांनीही केला.”

“नीट दिसले?”

“समोर तुम्ही दिसताय तसे. काचेवर तळवा टेकवला तर बर्फ! यंत्र झक्क चाललं होतं. नंतर ह्या पोरीने बटण दाबलं. मुद्दाम नाही हो, पण दाबलंच ना! दुपारी वर आलो तर हे असं.”

“तुमचं दोघांचं पटत होतं?”

“मनोऱ्यावरून कुरबूर. त्यांना भिंती हव्या होत्या, मला काच. उद्या मालकांपुढे ठरायचं होतं. काचेच्या मनोऱ्याचं चित्र मी कधीच माझ्या दिवाणियात, पाहुण्यांच्या बैठकीत, लावलंय. सगळं गाव बघून गेलंय.”

“चित्रात ऊन लागत नाही,” मिशारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फज्र आटोपून त्याने तिघांना गच्चीवर बोलावलं. हवा तशीच दमट होती. काचेच्या खोलीतलं यंत्र त्याने रात्रीच चालू करून ठेवलं होतं.

“मर्झूक, काल उभा होतास तिथे उभा राहा. आत माझा शिपाई बसलाय. तो बोटं दाखवतोय. किती?”

मर्झूक बघत राहिला. काच दुधासारखी पांढरी झाली होती. बाहेरून थेंब ओघळत होते. आत माणूस आहे की खांब, तेही कळत नव्हतं.

“काल... काल इतकी वाफ नव्हती.”

“बरोबर. नव्हतीच. आतलं नीट दिसलं हे तू खरं सांगितलंस, आणि तिथेच फसलास.” मिशारीने आपला चष्मा काढला. “गार गाडीतून उतरलो की ह्याच्यावर वाफ धरते. गार खोलीच्या काचेचंही तेच. आत गारवा, बाहेर दमट वारा, मग काच बाहेरून आंधळी होणारच. काल पहाटे तुझे कपडे पिळून निघत होते, आणि काच मात्र स्वच्छ होती. म्हणजे खोलीत गारवा नव्हता. मग तुझ्या तळव्याला बर्फ कुठून लागला?”

“यंत्र बिघडलं असेल.”

“पंखा चालू होता, पाणी बंद होतं. रात्री चहातून तू झोपेचं औषध दिलंस. डॉक्टरांना ते सापडलंय. मग लाल चाक फिरवलंस. ही सकाळी खालून बटण दाबणार हे तुला ठाऊक होतं, दोष तिच्यावर जाणार होता. पण तोवर ते जागे झाले तर? म्हणून सूर्य उगवल्यापासूनच खोली तापायला हवी होती. पहाटे तू आलास तो ते निजलेत ना, हे बघायला. दुपारी पुन्हा चाक उघडलंस आणि मला फोन केलास. चाकावरची धूळ तुझ्या हातांनी गेली. ठसे राहिले.”

मर्झूक काचेपासून दूर झाला. “त्यांचे आकडे मालकांनी ऐकले असते तर मी गावात तोंड दाखवू शकलो नसतो.”

शिपाई त्याला घेऊन गेला. हाजी ओठातल्या ओठात दुवा पुटपुटत मागोमाग उतरला.

बद्रिया तिथेच उभी होती.

“मी बटण दाबलं तेव्हा ते जिवंत होते, काका?”

खोटं बोलणं सोपं होतं.

“असतील. पण तू बंद केलास तो नुसता पंखा, पोरी. गारवा त्याने रात्रीच नेला होता.”

“मी वर आले असते तर?”

“तर वाचले असते. मीही कधी आलो असतो तर वाचले असते. त्यांना बघायला दिवसभर कुणी येत नाही, ह्याच भरवशावर त्याने हे केलं. पण पाप त्याचं. ते तुझ्या पदरी घेऊ नकोस.”

ती खूप रडली. मिशारी शेजारी बसून राहिला. ऊन चढलं तसे ते जाड भिंतीच्या सावलीत सरकले.

“आज मालक येणार आहेत,” ती डोळे पुसत म्हणाली. “सरांचे आकडे मला तोंडपाठ आहेत. पण एकटीने कशी बोलू?”

“तू बोल. मी मागे बसतो.”

“तुम्हाला कळेल त्यातलं?”

“ओ की ठो कळणार नाही,” मिशारी उठत म्हणाला. “पण बसतो.”