ढिगात हसलं कोण?

“माझं माकड मी देणार नाही म्हणजे नाही!” चिक्कूने खेळणं छातीशी आवळलं. धक्का लागताच ते खिदळलं, “ही ही हू हू!”

“अरे, बिघडलंय ते! जरा हललं की दात काढतं. आत्या पार वैतागलीय,” मामेभाऊ ढब्बू म्हणाला.

“म्हणूनच तर हवंय!” चिक्कूची ताई चिंगी म्हणाली.

या सुट्टीत चिंगीला पोहण्याच्या तलावाचा काठ सोडून एकदा तरी पलीकडे पोहत जायचं होतं. पण पोहणाऱ्या पोरांचे डोळे लाल होऊ लागले, अंग खाजू लागलं. आज आरोग्य अधिकारी बाई येणार आणि तलावाला कुलूप लागणार! तलावाच्या व्यवस्थापकांनी खापर फोडलं पोरांवरच. “आंघोळ न करता उड्या मारतात!”

तलावात पाणी यायचं शेजारच्या विहिरीतून. विहिरीमागच्या ओढ्यात कचऱ्याचा ढीग वाढत होता आणि त्यातलं काळं पाणी विहिरीकडे झिरपत होतं. चिंगीने ते भिंतीवरून पाहिलं होतं. पण कचरागाडीचे मुकादम कानांवर हात ठेवत. “आम्ही गल्लीचा कचरा थेट डेपोत नेतो बुवा!”

“आणि कचऱ्यात टाकलेलं माकड खरंच डेपोत गेलं तर?” चिक्कूने विचारलं.

“तर माझी सायकल तुझी!” चिंगी म्हणाली.

चिक्कूने क्षणभर विचार केला आणि माकड पुढे केलं. ते झाकणाच्या डब्यात बसलं, डबा कचऱ्याच्या पिशवीत गेला आणि पिशवी सकाळच्या गाडीत!

दुपारी अधिकारी बाई विहिरीपाशी आल्या. व्यवस्थापक घाम पुसत होते, मुकादम मिशीला पीळ देत होते.

“मुकादमकाका, आमच्या गल्लीचा आजचा कचरा कुठे गेला हो?” चिंगीने साळसूदपणे विचारलं.

“डेपोत! माझ्या डोळ्यांदेखत गाडी रिकामी झाली.”

“नक्की?”

“अगं, शंभर टक्के!”

ढब्बूने लांब बांबूने ओढ्यातला ढीग ढोसला. काहीच नाही! मुकादम गालात हसले. चिक्कू कुजबुजला, “सायकलची घंटा वाजते ना गं?”

“तू गप! ढब्ब्या, डावीकडे!”

बांबू पुन्हा घुसला आणि ढिगातून दबका आवाज आला, “ही ही हू हू!”

मुकादम दोन पावलं मागेच सरले.

“माझं माकड!” चिक्कू ओरडला. “काका, ते डेपोतून चालत आलं का?”

मुकादमांची मान खाली गेली. “डेपो लांब पडतो, बाई. खेपा वाचवल्या.”

“खेपा वाचल्या आणि पोरांचे डोळे सुजले!” बाई कडाडल्या. “ढीग आजच हलवायचा! पाणी तपासून शुद्ध ठरेपर्यंत तलावात कुणी उतरणार नाही.” मग त्या मुलांकडे वळल्या. “तुमच्यासारखी तीन माणसं माझ्या ऑफिसात असती ना, तर मी निवांत झोपले असते!”

विहीर उपसली, तपासणी झाली. सुट्टी संपता संपता तलाव उघडला. व्यवस्थापक स्वतः दारात उभे होते. “चुकलं माझं, पोरांनो. पण आंघोळ करूनच उतरा हं!”

चिंगीने डोळे मिटले, काठ सोडला, हात मारले, नाकातोंडात पाणी गेलं, पुन्हा हात मारले... आणि बोटांना पलीकडची फरशी लागली!

“पोचली!” चिक्कू आनंदाने उडी मारून ओरडला. त्याच्या काखेतलं माकड सगळ्यांत मोठ्याने हसलं.