कण्हेरीच्या पानामागे

सासरेबुवा दवाखान्यात जिवाशी झगडत होते. चहात कण्हेर उकळली होती, एवढंच डॉक्टर सांगू शकले. बाकीचं सांगायला थोरले दीर होतेच. असली माणसं कुठल्याही संकटात बोलायला सगळ्यांत पुढे असतात.

"हिचंच काम!" गॅलरीतल्या कुंडीकडे बोट दाखवत ते म्हणाले. "झाड हिचं, चहा हिच्या हातचा. संध्याकाळी पोलिसांच्या ताब्यात देतो की नाही बघा!"

विधवा धाकटी सून मान खाली घालून उभी होती. सासऱ्यांनी घर तिच्या नावावर करायचं ठरवलं, तेव्हापासून ती दिरांच्या डोळ्यांत खुपत होती. गुप्तहेर बाईंना तिनंच बोलावलं होतं.

बाई कुंडीपाशी वाकल्या. बरीच पानं कडेनं कुरतडलेली, खाली मिऱ्यांसारख्या लेंड्या. एका फांदीची पानं मात्र देठासकट खुडलेली.

"कीड लागलीय, दुसरं काय," बाईंचे सोबती म्हणाले. ते निवृत्त वकील होते. "केस उघड आहे."

"तुमची अशिलं तुरुंगात का जायची, ते आता कळलं," बाई म्हणाल्या. मग दिरांकडे वळल्या. "घरात तगर, सदाफुली?"

"हे एकच खूळ आहे. मी तर गॅलरीत पाऊल टाकत नाही. झाडं म्हणजे नुसती घाण! वर माझ्या खोलीत बघा, पान सापडायचं नाही. किल्लीसुद्धा माझ्याच खिशात असते."

"दाखवा की."

खोली लखलखीत होती, खिडक्या बंद. वकीलसाहेब पडद्याला टेकले आणि किंचाळले, "अगं आई गं! डोळे वटारतंय हे!"

बोटाच्या पेराएवढी हिरवी अळी. तोंडामागे दोन निळे डोळे, तेही खोटे, नुसते ठिपके. दिरांनी चप्पल उचलली, पण बाईंनी त्याआधीच अळी पेल्यात घेतली.

खाली आल्यावर बाईंनी पेला टेबलावर ठेवला.

"हिचा पतंग कुठल्याही बागेत दिसतो. अंडी घालतो कण्हेरीवर, नाहीतर तगर, सदाफुलीवर. इथे कण्हेर एकच. आणि एवढीशी अळी भरल्या ताटावरून उठून जिना चढत नाही. खुडलेल्या पानांबरोबर तिला कुणीतरी वर नेलं, आणि संधी साधून पानं चहाच्या आधणात टाकली. कुलूप कुणाचं, ते तुम्हीच सांगितलंत."

"कुठलीतरी अळी असेल!"

बाईंनी पेल्यात कण्हेरीचं पान टाकलं. उपाशी अळी त्याच्यावर तुटून पडली. वकीलसाहेबांनी चष्मा सावरत पेल्यात वाकून पाहिलं.

"घर माझं होतं!" दीर ओरडले. "म्हातारा ते काल आलेल्या पोरीला देणार?"

सुनेनं पहिल्यांदाच मान वर केली.

"भावजी, झाडाला एकदा तरी पाणी घातलं असतंत, तर पानामागे कोण राहतं ते कळलं असतं."

ती पर्स उचलून दवाखान्यात निघाली.