वहीतला बारावा बदल

पोलादपूरच्या बाजारात मी गाडीतून दुधाचे कॅन उतरवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "ही गाडी... कोणी कापली?"

वळून पाहिलं. पांढरा शर्ट, हातात वही, आणि चेहरा असा की मी कोणाचा गळाच कापलाय.

"आमच्या आजोबांनी," मी म्हटलं. "मागचं झाकण काढलं नसतं, तर कॅन काय तुमच्या डोक्यावर ठेवायचे?"

तो हर्षद. महाडचा. जुन्या गाड्या कोणाकडून कोणाकडे गेल्या, त्यांच्यात काय काय बदललं, याच्या नोंदी करायचा. गाड्यांचे शौकीन त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. आणि आमची ही इंग्लंडची दोन सीटची स्पोर्ट्स कार! आधी एका गोऱ्या साहेबाची, मग मुंबईच्या शेठची. शेठ परदेशी निघाले तेव्हा त्यांनी ती आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे माझ्या आजोबांना देऊन टाकली. इतकी हलकी, की चिखलात रुतली तर चौघं उचलून बाजूला ठेवत.

रविवारी तो उमरठला आमच्या अंगणात हजर. डाव्या सीटच्या जागी फणसाची फळी बघून त्यानं कपाळावर हात मारला. दाराला तेलाच्या डब्याचा पत्रा बघून तर तो पायरीवरच बसला.

"पाणी देऊ?"

"नको... अजून काही आहे?"

"हाय की. पण एका रविवारी एकच दाखवीन. तुम्हांला झेपायचं नाय."

तो हसला – डावा कान खाजवत – आणि मी कामातून गेले.

चौथ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. पावसाची भुरभुर, चुलीवरचा चहा, बॉनेटवर वाकलेली आमची दोन डोकी... अकरा रविवार कसे गेले कळलंच नाही. मग तो म्हणाला, "झाली यादी. पुढच्या रविवारी शेवटचं येतो."

दुधाखेरीज ग्रिल-दरवाजे बनवायचं माझं दुकानही आहे, वेल्डिंग मशीन हाताशी. शनिवारी मी पुढच्या बंपरखाली एक लोखंडी कडी जोडली, वर माती फासली.

"ही राहिलीच की," रविवारी मी म्हटलं. "ओढ्यातून गाडी ओढायला आजोबांनी लावलेली. सत्त्याऐंशी साली."

त्यानं मनापासून लिहून घेतलं. तेवढ्यात आजोबा काठी टेकत आले.

"ही माझी नाय गो," ते वाकून म्हणाले. "ओढायची कशाला? उचलायचो ना आमी."

हर्षदनं माती खरवडली. खाली ताजं वेल्डिंग चकाकत होतं. कापलेली गाडी पाहतानाही त्याचा चेहरा इतका उतरला नव्हता.

"लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात, दर्शना. आणि तू... मला खोटं लिहायला लावलंस?"

वही मिटून तो मोटारसायकलकडे निघाला. दुसरी एखादी थाप मारता आली असती, पण तोंडातून खरं तेच बाहेर पडलं.

"यादी संपली असती तर तू कशाला आला असतास? म्हणून लावली. मला तू आवडतोस... आता हवं तर फाड ते पान."

आजोबा गुपचूप गोठ्याकडे चालते झाले.

हर्षद वळला. मग त्यानं वही उघडली, सत्त्याऐंशी खोडलं, आजोबांचं नाव खोडलं आणि तिथं माझं नाव लिहिलं.

"आता खरं झालं," तो हळूच म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो. आईबाबांना घेऊन... वही घरी ठेवून."

मी मान हलवली. "पण त्यांनाही एका रविवारी एकच बदल दाखवीन."