घेतलं म्हटल्याशिवाय

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती तर मी तिच्यात स्वतःला जरा शहाणी आणि जरा बारीक दाखवलं असतं.

भुतंखेतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी वाचू नका. हे घडलं भर दुपारी. फेब्रुवारीतला रविवार, लख्ख ऊन. शहराबाहेर एक जुनी, बंद पडलेली धावपट्टी आहे, तिथे. पण त्याची सुरुवात आमच्या घरात झाली.

मी शिवणकाम करते. पडदे, गाद्यांची कव्हरं, जे येईल ते. आमचे हे दातांच्या कवळ्या बनवतात, मागच्या खोलीतच त्यांचं काम चालतं. यांचे मोठे भाऊ, आम्ही दोघंही त्यांना दादाच म्हणायचो, दोन गल्ल्या सोडून एकटे राहायचे. त्यांनी लग्न केलं नाही, विमानं केली. रिमोटवर उडणारी, खऱ्या विमानांची हुबेहूब छोटी रूपं.

हे त्यांचे धाकटे भाऊ आणि एकुलते एक शागीर्द.

आता त्या दोघांचा एक नियम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

विमान हवेत असताना कधीकधी रिमोट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. एकदा दादांना वाटलं यांनी धरलाय, यांना वाटलं दादांकडेच आहे. तेवढ्या क्षणात विमान नाकावर आपटलं आणि वर्षभराच्या मेहनतीचा भुगा झाला. त्या दिवसापासून ठरलं. देणाऱ्याने विचारायचं, "सोडू?" घेणाऱ्याने म्हणायचं, "घेतलं." आणि घेतलं ऐकू आल्याशिवाय देणाऱ्याने बोट ढिलं करायचं नाही. काहीही होवो.

हा नियम हळूहळू घरभर पसरला. कपाट सरकवताना, चादरीची घडी घालताना, गरम पातेलं हातात देताना... सोडू? घेतलं. ऐकणारे हसायचे. मलाही सवय लागली, आणि तीच पुढे नडली.

दादा त्या फेब्रुवारीच्या आदल्या उन्हाळ्यात गेले. फुफ्फुसं निकामी झाली होती. हॉस्पिटलात यांचा हात दादांच्या हातात होता, मी पायाशी उभी होते. दुपारी दादांनी डोळे उघडले. यांच्याकडे नीट बघितलं. तोंडावरची नळी बाजूला केली आणि विचारलं,

"सोडू?"

यांनी दादांचा हात आणखी घट्ट धरला.

दादांनी पुन्हा विचारलं.

यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. लहान मूल औषधाला नकार देताना मिटतं ना, तसे.

तसे दादा गेलेच. डॉक्टर आले, सगळं झालं. पण नर्सला दादांची बोटं यांच्या हातावरून एकेक करून सोडवावी लागली.

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "मी घेतलं म्हटलं असतं तर त्याने सोडलं असतं."

त्यानंतर यांचं बोलणं जवळजवळ बंद झालं. जेवायचे, कवळ्या घासायचे, झोपायचे. मी एकटीच बडबडायची आणि एकटीच भांडायची. भांडणात समोरून उत्तर नसेल तर काय मजा हो? मला माझा माणूस परत हवा होता, बस.

दादांच्या घरी एक अर्धवट विमान पडून होतं. खूप जुन्या काळातलं, शिकवणीचं. एकावर एक दोन पंखांच्या जोड्या, मध्ये दोन उघड्या खुर्च्या, पुढे शिकवणारा, मागे शिकणारा. मीच म्हटलं, आणा ते घरी, पुरं करा. तेव्हा माझी जीभ का झडली नाही देव जाणे.

कारण हे खरंच उठले. पहाटेपासून लाकडाच्या पट्ट्या तासायला लागले. कवळ्यांच्या गुलाबी मसाल्याचे दोन बाहुले केले, रंगवले. पुढच्या खुर्चीत दादा, मागच्या खुर्चीत हे. चेहरे इतके बरोबर की मला बघवेना. त्यांचे कमरेचे पट्टे मी शिवले, हुकांसकट.

पंखांवर कापड चढवायचं काम माझं होतं. खऱ्या विमानात कापड आतल्या फासळ्यांना टाके घालून बांधायचे, म्हणून इथेही तसंच हवं असा दादांचा हट्ट होता. पंख टेबलावर उभा बांधायचा. एका बाजूला बुटक्या स्टुलावर मी, पलीकडे खाली हे. मी सुई आरपार घालायची, यांनी पलीकडे ओढून गाठ मारायची आणि परत पाठवायची.

त्या दुपारी आम्ही असेच बसलो होतो.

जवळचा चष्मा लावलेला, नाक कापडाला टेकलेलं. मान वर करायची फुरसत नव्हती. मी म्हणायची "सोडू?" आणि सुई ढकलायची. पलीकडून हिसका बसायचा, दोरा ताठ व्हायचा... आणि सुई परत यायची.

हिसका. दोरा. सुई.

हे उत्तर देत नव्हते, पण त्यात नवीन काय होतं? मी आपली बोलत होते. निम्मा पंख झाला. मी म्हटलं, अहो, निदान घेतलं एवढं तरी म्हणा, तोंड काय भाड्याने दिलंय का?

तेवढ्यात...

बाहेरच्या दाराला किल्ली लागली.

हे आत आले. हातात सँडपेपरचं पुडकं. म्हणाले, दुकानात फार गर्दी होती. मी केव्हा गेलो ते तुला कळलंसुद्धा नाही, इतकी गुंगली होतीस.

माझ्या बोटांत सुई होती. नुकतीच परत आलेली.

पलीकडे जाऊन बघायचं धाडस मला झालं नाही. हे गेले. वाकून टाके बघत राहिले. मग मीही गेले, कारण टाके माझा विषय आहे. सुरुवातीच्या चार सोडल्या तर सगळ्या गाठी उलट्या बाजूला पडलेल्या होत्या. डावखुऱ्या माणसाच्या पडतात तशा.

घरात डावखुरं कोणी नाही. दादा होते.

पण खरी भीती मला त्या गाठींची वाटली नाही, यांच्या चेहऱ्याची वाटली. हे खूश झाले होते.

"त्याने अजून सोडलेलं नाही," म्हणाले.

मग रोजचंच झालं. फळीवर रिमोट बंद करून ठेवलेला असायचा आणि विमानाच्या शेपटीचं सुकाणू हळूच हलायचं... किर्र. थांबायचं. किर्र. हे मागच्या खोलीतून मान डोलवायचे, कोणीतरी काही सांगितल्यासारखी. मी म्हटलं, हे विमान मोडून टाकू या. यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि तो रविवार आला.

धावपट्टीवर यांच्या ओळखीचे एक गॅरेजवाले आले होते, तेही विमानं उडवतात. बाकी कोणी नाही. पट्टी संपते तिथे तारेचं मोडकं कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे जुनी दगडाची खाण. खोल, हिरवं पाणी भरलेली. मी येतानाच बघून ठेवली होती.

इंजिन घरघरलं. विमान थोडं धावलं आणि उचललं गेलं. काय सुंदर दिसत होतं ते! माझे टाके उन्हात चमकत होते. क्षणभर मीही सगळं विसरले.

विमान वळलं. वळताना त्याने डावा पंख हलकेच झुकवून पुन्हा सरळ केला, होकार दिल्यासारखा. गॅरेजवाले हसून म्हणाले, अगदी दादांची लकब उचललीत हो तुम्ही.

मी यांच्याकडे बघितलं.

रिमोट गळ्यातल्या पट्ट्याला लोंबत होता. यांचे दोन्ही हात... खाली होते. रिकामे.

आणि हे हसत होते. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

विमान धावपट्टी सोडून पुढे निघालं. हे मान वर करून त्याच्या मागे चालायला लागले. गॅरेजवाल्यांना वाटलं, जवळून बघायला निघालेत. मी हाक मारली. पुन्हा मारली. हे कुंपण ओलांडून गेले, तारेला अडकून पॅंट फाटली तरी यांना पत्ता नाही.

मी धावले. माझे गुडघे कसे आहेत ते मला ठाऊक. पण धावले.

विमान खाणीच्या बरोबर मध्यावर गोल फिरत होतं. प्रत्येक फेरीला थोडं खाली... थोडं आणखी खाली. आणि हे काठावर. नजर वर, पाऊल पुढे.

मी मागून यांचा शर्ट धरला. ओढलं. हे जागचे हलेनात. कवळ्या घासणारा बारीक माणूस, पण जणू पलीकडून कोणीतरी धरून ठेवलं होतं. तेव्हा मला लख्ख कळलं. दादांच्या हातात विमान नव्हतंच. दादांच्या हातात हे होते. त्यांनी विचारलं होतं, उत्तर मिळालं नव्हतं, आणि नियमाचा माणूस नियम मोडत नाही.

मी दुसऱ्या हाताने रिमोट पकडला. त्याच्या दोन्ही दांड्या आपोआप हलत होत्या. आणि कोमट होत्या, आत्ताच कोणाची तरी बोटं तिथे असल्यासारख्या.

मी म्हटलं, "दादा, घेतलं. मी घेतलं. आता सोडा."

काही झालं नाही.

मग दांड्या एकदम ढिल्या पडल्या.

मला विमान उडवता येत नाही, मला सायकलसुद्धा धड येत नाही. विमान कोलमडलं आणि सरळ पाण्यात गेलं. हे माझ्या अंगावर कोसळले, आम्ही दोघंही खडीत पडलो. आणि हे रडायला लागले. दादा गेल्यापासून एकदाही रडले नव्हते. मी म्हटलं, रडा, घरी जायची घाई नाही.

गॅरेजवाल्यांनी रिमोट उचलला. त्याचं बटण बंद होतं. ओढाताणीत बंद झालं असेल, असं ते म्हणाले. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गळ टाकून विमानाचा सांगाडा काढून आणला. पंख गेले होते. मागच्या खुर्चीत यांचा बाहुला जसाच्या तसा. पुढची खुर्ची रिकामी. दादांचा बाहुला गेला होता, पण कमरेचा पट्टा... तसाच बांधलेला. हूकसुद्धा निघाला नव्हता.

मला तर बरंच वाटलं. गेले, सुटले. सांगाडा फळीवर ठेवला.

हे माणसात आले. बोलायला लागले, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागले. मी भांडले, त्यांनी उत्तर दिलं, काय आनंद झाला सांगू! फक्त एक गोष्ट मी मनाशी पक्की केली. आता यांना मी धरलंय. तेव्हा "सोडू?" हा शब्द माझ्या तोंडून कधीही निघता कामा नये. कपाट सरकवताना मी न विचारताच हात काढला आणि ते यांच्या अंगठ्यावर बसलं. हे बोंबलले. मी माफी मागितली, पण विचारलं नाही.

असे महिने गेले. माणूस सैलावतो.

परवा संध्याकाळी आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. पलंगाच्या त्या बाजूला हे, या बाजूला मी. उद्या कोणाचे पडदे द्यायचेत याचा विचार चालला होता. दोन टोकं जुळली. मी टोक पुढे केलं आणि सवयीने...

"सोडू?"

तोंडातून निघून गेलं. मी यांच्याकडे बघितलं. यांचं तोंड मिटलेलं होतं.

"घेतलं."

आवाज माझ्या मागून आला.

मागे भिंत आहे. मी वळले नाही. मी यांच्याचकडे बघत होते आणि हे माझ्या खांद्यावरून पलीकडे. हसत होते. त्या रविवारी हसत होते तसे.

मी चादर टाकली आणि यांचा हात धरला. म्हटलं, मी चादरीबद्दल विचारलं होतं. फक्त चादरीबद्दल, ऐकलंत ना? कोणाला सांगत होते कोण जाणे.

काल सकाळी फळीवरचा सांगाडा बघितला. मागची खुर्चीही रिकामी आहे. पट्टा तसाच बांधलेला, हुकासकट. फळीखाली शोधलं, कपाटामागे शोधलं, केराची बादली पालथी केली. यांना विचारलं तर म्हणाले, असेल इथेच कुठेतरी.

यांची तब्येत चांगली आहे. जेवतात. विचारलं तर बोलतात. फक्त मधूनच काम टाकून खिडकीशी जातात आणि मान वर करून उभे राहतात. आत्ताही उभे आहेत. आभाळात काही नाही, मी दोनदा बघितलं.

मी शेजारी स्टूल घेऊन बसलेय. उजव्या हाताने हे टाइप करतेय, म्हणून चुका झाल्या असतील तर सांभाळून घ्या. डाव्या हातात यांचं मनगट आहे.