मोफत सॉफ्टवेअरने शोधलेला चेहरा

आधीच सांगते, हे खरं घडलेलं आहे. तुम्ही खाली 'फेक' लिहिणार, हे मला माहीत आहे. लिहा. तुमची समजूत काढायला मी बसलेले नाही.

मी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर काचेच्या नळ्या आणि लोकांची कुरकुर. भूतबित असल्या गोष्टींना माझ्याकडे जागा नाही.

निदान नव्हती...

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. दिवे गेले नव्हते, कुत्री रडत नव्हती. रविवारची दुपार होती. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, जेवणाचं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि समोर माझा थोरला भाऊ. त्याच्याइतकं भीतिदायक त्या खोलीत तोवर तरी काही नव्हतं.

घरात आम्ही त्याला तज्ज्ञ म्हणतो. त्याला वाटतं, कौतुकाने म्हणतो.

आईच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "समोर बघितलं की मधे काळा डाग दिसेल. तो वाढत जाणार. कडेने दिसतंय तोवर जे बघायचंय ते बघून घ्या."

मग आई मान तिरकी करून बघायला शिकली. कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

तिला एकच गोष्ट बघायची होती. बाबा हसताना.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याकडे कॅसेटचा व्हिडिओ कॅमेरा होता. आयुष्यभर त्यांनी आमचं शूटिंग केलं आणि साहजिकच स्वतः कशातच नाहीत. पण आई ठामपणे सांगायची, "एकदा कॅमेरा मी घेतला होता हातात. ते खुर्चीत बसले होते. मी म्हटलं हसा, तर हसले. आहे तो कुठेतरी. शोधा रे."

तज्ज्ञाने सगळ्या कॅसेट एका दुकानात देऊन हार्ड डिस्कवर उतरवून आणल्या. डिस्क भरून फुटेज. बाबांना शूटिंग येत नव्हतं, हे लेक असून सांगते. अर्धा वेळ फरशी. उरलेल्या वेळात पंखा, पडदा, आणि कॅमेरा बंद झालाय असं समजून चालताना दिसणारे त्यांचेच बूट.

आणि प्रत्येक शॉटच्या आधी त्यांचं ते ठरलेलं वाक्य.

"जरा बाजूला हो."

ते म्हणाले की आम्ही सगळेच सरकायचो. नेमकं कोणाला म्हणतायत, ते कधी कळलं नाही. घरात त्यांची नक्कल व्हायची. सगळ्यांत फर्मास मी करायचे.

एवढ्या पसाऱ्यातून आईसाठी छोटीशी फिल्म कापून काढायची, म्हणजे एडिटिंगचं सॉफ्टवेअर हवं. आणि तज्ज्ञ मधे असल्यावर ते फुकटच हवं.

पहिलं त्याने उतरवलं, ते फुकट होतं खरं, पण प्रत्येकाच्या कपाळावर स्वतःचं नाव छापत होतं. माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी नाचतेय की जाहिरात करतेय, कळेना.

दुसऱ्याने दोन तास गोड बोलून काम करून घेतलं आणि सेव्ह करायच्या वेळी हात पसरला.

तिसरं म्हणे सिनेमावाले वापरतात. ते उघडताच लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागला. मग स्क्रीन काळी. तज्ज्ञ म्हणाला, "रॅम कमी पडतेय." मी म्हटलं, "तुलाच."

चौथं मात्र साधं निघालं. शिक्का नाही, जाहिरात नाही, ईमेल मागणं नाही. आणि त्यात एक बटण होतं. चेहरे शोधा.

"बघ!" तज्ज्ञ खुर्चीत सरसावला. "हे स्वतःच सगळं फुटेज चाळणार. प्रत्येक माणसाचा वेगळा गठ्ठा करून देणार. बाबांचा चेहरा आला की झालं काम. आता बोल, फुकट वाईट असतं का?"

मी उठून चहा टाकला. आई आतल्या खोलीत झोपली होती.

परत आले, तोवर काम झालं होतं. स्क्रीनवर छोट्या छोट्या चौकटी मांडून ठेवल्या होत्या. आई. मी. तज्ज्ञ, तोंडात बोट घालून. आत्या. शेजारच्या काकू.

आणि एक चौकट बाबांची! खाली लिहिलं होतं, एक क्लिप.

आई खरं बोलत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तज्ज्ञाचं लक्ष नव्हतं. तो यादीतल्या सर्वांत वरच्या चौकटीकडे बघत होता.

"हे काय आहे गं?"

सर्वांत जास्त क्लिप ज्या माणसाच्या होत्या, ती चौकट पहिली. आईपेक्षा जास्त. माझ्यापेक्षा जास्त. जवळजवळ प्रत्येक कॅसेटमध्ये.

पण त्या चौकटीत चेहरा नव्हता...

नुसता आमच्या जुन्या घराचा हिरवा पडदा होता.

"फुकट ते फुकटच," मी म्हटलं. "पडद्याला माणूस समजतंय." आणि त्यातली पहिली क्लिप लावली.

आमची जुनी बैठकीची खोली. आई मला भरवतेय. सॉफ्टवेअरने आईच्या चेहऱ्याभोवती चौकोन काढला होता, माझ्याही. तिसरा चौकोन मागे होता. अगदी लहान. दारापाशी, पडद्यासमोर.

आत काहीच नव्हतं.

मग तो चौकोन हलला...

सावकाश. पडद्यावरून भिंतीवर, भिंतीवरून कपाटावर. माणूस चालताना डोकं जसं किंचित खालीवर होतं, तसा.

पाठोपाठ बाबांचा आवाज. "जरा बाजूला हो."

चौकोन थांबला.

"बग आहे," तज्ज्ञ घाईघाईने म्हणाला. "मी त्यांच्या फोरमवर टाकतो."

पुढच्या क्लिपा मी एकामागून एक लावल्या. आमची वयं वाढत होती. आणि तो चौकोनही मोठा होत होता. दारापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून टेबलापर्यंत. लॅबमध्ये नोकरी करणारीला हे कळायला वेळ लागत नाही. चेहऱ्याचा चौकोन मोठा होतो, कारण चेहरा जवळ येतो. कॅमेऱ्याच्या जवळ.

म्हणजे, कॅमेरा धरणाऱ्याच्या जवळ...

एका क्लिपमध्ये मी एकटी गच्चीवर दोरीच्या उड्या मारतेय. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी ठीक मधोमध, पूर्ण दिसतेय. तरी बाबांचा आवाज येतो, वैतागलेला. "बाजूला हो ना. पोर दिसत नाहीये."

ते मला म्हणत नव्हते.

आम्हाला कोणालाच कधी म्हणत नव्हते.

तज्ज्ञ उठला. गाडी चुकीच्या जागी लावलीय, म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला गाडीची काळजी वाटली. जाताना त्याने स्वतःचा चार्जर तेवढा आठवणीने नेला.

राहिली बाबांची क्लिप. ती मी एकटीने लावली.

शेवटच्या वर्षातली असणार. बाबा खुर्चीत, गुडघ्यावर कॅमेऱ्याची रिकामी पिशवी. कॅमेरा आईच्या हातात आहे, चित्र डुगडुगतंय. त्यांच्या चेहऱ्याभोवती एक चौकोन. आणि दुसरा चौकोन इतका मोठा, की त्याच्या कडा स्क्रीनच्या कडांना टेकलेल्या.

"अहो, हसा की," आईचा आवाज.

बाबा हसतात. छान हसतात, मोकळे. मग हसू तसंच राहतं आणि नजर बदलते. ते आईकडे बघत नाहीयेत. आईच्या किंचित पुढे बघतायत. आणि ज्या आवाजात आपण रस्त्यावरच्या कुत्र्याला न घाबरवता बोलावतो, त्या आवाजात म्हणतात...

"तिच्याजवळ नको. इकडे ये, माझ्याकडे."

मोठा चौकोन लहान होत गेला. लांब जात गेला. खुर्चीशी पोचला आणि बाबांच्या चेहऱ्यावरच्या चौकोनावर बरोबर बसला.

बाबा त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. हृदय, असं कागदावर आहे. मी तेच मानते.

तुम्ही माझ्या जागी असता तर लॅपटॉप फेकून पळाला असता. मला राग आला. हो, राग. आमच्या घरात, आमच्या माणसांमधे, इतकी वर्षं कोणीतरी आगंतुक उभं होतं, आणि बाबा त्याला नम्रपणे बाजूला हो म्हणत राहिले! रांगेत घुसणाऱ्याला आपण याहून जास्त बोलतो.

मी चौकोन दाखवणं बंद केलं. बाबांची क्लिप तेवढी कापली, सेव्ह केली आणि टीव्हीला जोडली. आईला उठवलं. चौकोनांबद्दल तिला अक्षरही सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

ती टीव्हीपुढे बसली. मान तिरकी केली. मी क्लिप लावली.

ती पुढे वाकली. मग म्हणाली, "ही कोण बाई आडवी उभी आहे?"

"आई, तो तुझ्या डोळ्यातला डाग आहे. अजून कडेने बघ."

"डाग मला कळतो गं. डाग असा केस मोकळे सोडून उभा राहतो का?" ती अजून वाकली. "हं... आता निघाली. गेली त्यांच्याजवळ. अगं, त्यांच्या तोंडासमोरच उभी राहिली की! मला हे दिसत नाहीयेत..."

डोळ्यातला डाग नजरेबरोबर फिरतो. टीव्हीतल्या खोलीत चालत जात नाही.

मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आई रडायला लागली. आवाज न करता, पदराने टीव्हीची काच पुसत. जणू बाबा काचेवरच्या धुळीमागे होते.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले आणि आम्हा दोघींशिवाय कोणी नसलेल्या घरात, भर दुपारी, मोठ्याने बोलले.

"ओ बाई, लाज वाटते का काही? सरका तिथून. एवढीच हौस असेल तर इकडे या, माझ्याकडे."

टीव्हीवर काहीही बदललं नाही. मीही बाजूला झाले. वेड्यासारखं वाटत होतं. आईने मान तिरकी केली...

आणि तिचा चेहरा उजळला.

"दिसले!" ती लहान मुलीसारखी ओरडली. "अगं, दिसले! हसतायत बघ! दात तसेच पुढे आलेले!"

ती हसत होती, रडत होती, टाळ्या वाजवत होती. मीसुद्धा हसले. क्लिप संपली, मी परत लावली. परत दिसले. मग हे कोणाला तरी दाखवावं म्हणून आई माझ्याकडे वळली.

आणि थांबली...

मान एका बाजूला केली. मग दुसऱ्या.

"तू कुठे गेलीस?"

"इथेच आहे ना. तुझ्यासमोर."

"मग तिला जरा बाजूला हो म्हण ना," आई म्हणाली. "तुझा चेहरा दिसत नाहीये."

डॉक्टरीणबाई म्हणतात, आजार पुढे सरकतोय, मेंदू रिकाम्या जागा भरतो, अशा आजारात माणसं दिसू शकतात. हुशार बाई आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं.

ते सॉफ्टवेअर गायब झालं, असलंही काही मी सांगणार नाही. आहे अजून. लोक त्यात मुलांचे वाढदिवस कापतात, त्यांना काही होत नाही. तज्ज्ञाच्या प्रश्नावर फोरममध्ये उत्तर आलं की नवीन आवृत्ती घ्या.

आई रोज ती क्लिप बघते. बाबा रोज दिसतात. तिला आता त्याहून जास्त काही नको असतं.

मला ती आवाजावरून ओळखते. मी दिवा लावते, खिडकीपाशी बसते, कधी डावीकडून येते, कधी उजवीकडून. ती मान तिरकी करते, हसते आणि हाताने माझा चेहरा चाचपते. हात नेहमी किंचित अलीकडेच थांबतो.

तज्ज्ञ रविवारी येतो. चहा पितो, फुकटचे सल्ले देतो, जातो.

त्याचा चेहरा तिला अजून दिसतो.