इरळीचा शून्यबिंदू

पूरमापन केंद्राच्या भिंतीवर दुपारी दोन वाजता अख्खे इरळी शहर उजळले आणि केंद्रप्रमुख सुमती बेळे चष्मा पुसून पुढे सरसावल्या. सातशे किलोमीटर उंचीवरून जमिनीची मिलिमीटरभर हालचाल टिपणारा उपग्रह! इतकी वर्षे पाहूनही त्यांचे मन दरवेळी हात जोडून उभे राही.

तांबी नदी फुगत होती. वळणावरच्या कातळवाडीतील बाराशे माणसांना दीड किलोमीटर आत, पेठेतल्या शाळेत हलवायचे ठरले होते. बसगाड्या वाडीत उभ्या होत्या. केंद्राच्या सहीचीच काय ती वाट होती.

"मला सोप्या भाषेत सांगा," उपायुक्त वाघचौरे घड्याळ पाहत म्हणाले.

रडारतज्ज्ञ इक्बाल मुजावर सांगू लागला, "साहेब, पूर आधी जमिनीखालून येतो. खाली पाणी शिरलं की जमीन फुगते, दहा-बारा मिलिमीटर. याला आम्ही भूश्वास म्हणतो. फुगलेली जमीन लाल दिसते, खचलेली निळी आणि न हललेली हिरवी."

"लाल तर कुठंच नाही. सगळं निळं!"

"अकरा मिलिमीटर खचल्यासारखं दिसतंय. हवेतल्या दमटपणाची चूक असणार. पावसाळ्यात उपग्रहही चष्मा विसरतो, साहेब. हा हिरवा पट्टा मात्र पक्का खडक दिसतोय. शाळा त्याच्यावरच आहे."

"मग करा सही, बाई. नदी काही तुमच्या पेनासाठी थांबायची नाही."

सुमतींनी पेन उघडले आणि ते तसेच राहिले. शाळेच्या जोत्यात पितळी खिळा ठोकून शहराचा शून्यबिंदू त्यांनीच ठरवला होता, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. प्रत्येक चित्र त्या खिळ्यापासून मोजायचे आणि खिळा हलत नाही असे धरायचे, हा केंद्राचा नियमही त्यांच्याच अक्षरातला. हिरवा पट्टा नदीपासून निघून डावीकडे वळत होता, मग उजवीकडे, मध्येच रुंदावत होता. खडक असा रमतगमत जात नाही.

"इक्बाल, हवेची चूक शहराच्या दोन्ही टोकांना नेमकी अकराच येईल?"

त्याने दोन्ही टोकांचे आकडे पुन्हा तपासले. दोन्हीकडे अकराच.

"होडी वर उचलली की आत बसलेल्याला काठ खाली गेलेला दिसतो. आपण होडीत बसलोय रे. शहर खचलं नाही, माझा खिळा वर आलाय. सगळीकडे अकरा मिळव बरं."

निळाई विरून शहर हिरवे झाले. हिरवा पट्टा लालभडक झाला. शाळेखालून, बाजाराखालून, वाडीच्या वळणाला मागे टाकत परत नदीला मिळणारे एक सबंध पात्र! गाव वसण्याआधी गाळाने बुजलेले आणि कोणाच्याही कागदात नसलेले.

वाघचौरेंनी फोन उचलला. "मग लोकांना दुसरीकडे नेऊ."

"वाडीचा रस्ता एकच आणि तो हाच पट्टा ओलांडतो. वाडी खऱ्या कातळावर आहे, तिथली जमीन तसूभर हललेली नाही. नदीला ही जवळची वाट सापडली की वळणावरचं पाणी कमीच होईल. लोक तिथंच राहू देत."

"फुगलेल्या नदीच्या काठावर? आणि बुडाले तर?"

"खिळा माझा, चूक माझी. हा निर्णयही माझ्या नावावर घ्या." त्यांनी तसे लिहून खाली सही केली. अक्षर वळणदार होते.

साडेपाचला, तो पट्टा नदीपासून निघत होता तिथेच, पुलापाशी काठ फुटला. रिकाम्या रस्त्यावरून नदी शाळेच्या खिडक्यांपर्यंत पोहोचली. सुमतींनी कातळवाडीच्या नगरसेविका अनसूयाबाई पाथरवटांना फोन लावला.

"पाणी किती चढलं, अनसूयाबाई?"

"चढलं? अवो बाई, उतरतंय! घाटाच्या सात पायऱ्या उघड्या पडल्या. माणसं येड्यावानी बघत उभी हायेत. नदी गेली कुठं?"

"जुन्या वाटेनं गेली." सुमतींनी वही पुढे ओढली. "कितवी पायरी दिसते, ते सांगत राहा."

"आठवी," पलीकडून आवाज आला. थोड्या वेळाने, अगदी हळू, "नववी."